सहाची ढोलकी, चारची लूप

प्रश्न : वर्सोव्यात हळदीच्या नाचासाठी आम्ही कोळी ठेक्याची ढोलकी रेकॉर्ड केली आणि तिच्याखाली अमापियानोची (दक्षिण आफ्रिकेतलं नृत्यसंगीत) तयार लूप, म्हणजे पुन्हापुन्हा वाजणारा तुकडा, टाकली. दोन्हींची लय मिनिटाला ११२ ठोके आहे, तरी नाचताना पाय अडखळतात. का?

उत्तर : लय जुळली, पण ठोक्याचे भाग जुळले नाहीत. कोळीगीताचा ठेका सहा मात्रांचा, म्हणजे किकच्या (खर्जातल्या ड्रमच्या) एका ठोक्यात ढोलकीच्या तीन मात्रा. अमापियानोत शेकर (खुळखुळ्यासारखं वाद्य) त्याच ठोक्याचे चार भाग पाडतो. ११२ च्या लयीत ढोलकीची दुसरी मात्रा ठोक्यानंतर १७९ मिलिसेकंदांनी पडते, शेकरचा दुसरा दाणा १३४ वर. पाय अडखळतो तो या ४५ मिलिसेकंदांत.

ढोलकीला चारच्या चौकटीत कोंबू नका, वल्हवण्याचा झोकाच जाईल. लूपमधला शेकर काढा. सॉफ्टवेअरची ग्रिड (मात्रांची चौकट) ट्रिपलेटवर (ठोक्याच्या तीन भागांवर) घ्या, म्हणजे एका बारमध्ये (चार ठोक्यांत) १२ मात्रा होतील. किक १, ४, ७, १० वर. लॉग ड्रम (घुमणारा खर्जाचा आवाज) अमापियानोचा प्राण, तो ठेवाच, पण ३, ६ आणि ११ वर नव्याने वाजवून. क्वांटाइझ (ठोके ग्रिडवर ओढणं) ५० टक्क्यांच्या आसपास पुरे; शंभर केलं की ढोलकी मशीनसारखी वाजते.

आफ्रिकेचाच रंग हवा असेल तर घाना-टोगोच्या एवे लोकांची घंटा घ्या. तिचं आवर्तन मुळातच १२ चं : १, ३, ५, ६, ८, १०, १२. कोळी ठेक्याची दोन आवर्तनं त्यात अलगद बसतात, आणि हा मेळ आम्हाला अमापियानोपेक्षा कितीतरी जवळचा वाटतो. त्यांची गानकोगुई ही काठीने वाजवायची लोखंडी जोडघंटा. तिच्या जागी देवघरातली घंटा वापरू नका, तिचा नाद पुढच्या मात्रेवर सांडतो. टाळाची एक वाटी बोटांनी दाबून पेन्सिलीने वाजवा.

प्रश्न : मोठ्या स्पीकरवर ढोलकी आणि किक एकमेकींत गुरफटतात.

उत्तर : दोघींचा खर्ज एकाच जागी येतो. ढोलकीचा १०० हर्ट्झखालचा भाग कापा, ती जागा किकला द्या. तरीही घुमलं तर किक पडते तेवढ्यापुरती ढोलकी साइडचेनने (एक आवाज आला की दुसरा आपोआप दबवण्याची सोय) दोन-तीन डेसिबल खाली घ्या. मुंबईच्या पावसाळी हवेत पुडी (ढोलकीचं कातडं) दोन टेकच्या मधेही उतरते. प्रत्येक टेकआधी ती चढवून लॉग ड्रमच्या षड्जाशी मिळवा. मिक्समध्ये पिच ओढून सुर जुळतो, पण थापेची धार बोथट होते.

प्रश्न : जुन्या कोळीगीताच्या रेकॉर्डमधला तुकडा वापरला तर चालेल?

उत्तर : परवानगीशिवाय नाही. चाल परंपरेची असली तरी ध्वनिमुद्रणावर प्रकाशनानंतर ६० वर्षं हक्क असतो. शब्द कुणा कवीचे असतील तर त्यांच्या निधनानंतरही ६० वर्षं. ओळ आपल्या गळ्यातून गाऊन घेतली तरी शब्दांचा हक्क सुटत नाही.