योनिमुखावरची गाठ: नव्या रेसिडेंटला चार गोष्टी

ओपीडीत नवीन आहेस, म्हणून मोजकंच सांगते. लॅबियावरची, म्हणजे योनिमुखाच्या ओठांवरची, प्रत्येक गाठ बार्थोलिन सिस्ट (योनिमुखाजवळच्या बार्थोलिन ग्रंथीत द्रव साचून झालेली गाठ) नसते. सुरुवातीला सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. बार्थोलिनची गाठ मागे-खाली, घड्याळातल्या चार किंवा आठच्या जागी येते. गाठ पुढे किंवा वर असेल तर घाईने चिरा देऊ नकोस.

- बाईला उभं करून खोकायला सांग. गाठ फुगली तर हर्नियाची शंका घे, सुई घालू नकोस.
- गाठीचं वरचं टोक बोटांना लागत नसेल तर आधी एमआरआय. अ‍ॅग्रेसिव्ह अँजिओमिक्सोमा (मऊ ऊतींचा एक ट्यूमर) बाहेर लिंबाएवढा दिसतो आणि आत पेल्व्हिसमध्ये (ओटीपोटाच्या पोकळीत) खोलवर पसरलेला असतो. तो दूर कुठे जाणं अगदी विरळ, पण अर्धवट काढला तर त्याच जागी पुन्हा वाढतो, कधी कधी कित्येक वर्षांनी.
- हिड्राडेनोमा पॅपिलिफेरम ही ग्रंथीची साधी, कॅन्सर नसलेली गाठ; तिच्यावर व्रण पडला की ती कॅन्सरसारखी दिसते. नुसतं बघून निदान सांगू नकोस, बायोप्सी कर.

काढलेली गाठ पॅथॉलॉजीला पाठवायचीच. फॉर्मवर नेमकी जागा, आकार, किती काळात वाढली हे लिही. इम्युनोस्टेनचं (पेशींचा प्रकार ओळखायच्या खास रंगतपासणीचं) नंतर बघू. आणि तपासताना पडदा ओढ, काय करतेस ते सांगत जा. संकोचापायी बायका अशी गाठ महिनोन्महिने अंगावर काढतात.