आरोग्याच्या संशोधनाच्या बातम्या दर महिन्याला उलट्या का होतात? विश्वास नक्की कुणावर ठेवायचा?

कुणावर ते नंतर बघू. आधी माझा गुन्हा सांगतो.

ऑगस्ट २०१८. पणजीत एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर मी रात्रपाळीला होतो. दहा वाजून गेलेले, पानावर तीन कॉलम रिकामे, आणि एजन्सीची कॉपी आली: हार्वर्डशी संबंधित प्राध्यापिका म्हणतात, खोबरेल तेल विष आहे. मी मथळा ठोकला, ‘खोबरेल तेल म्हणजे निव्वळ विष!’ उद्गारचिन्ह माझं. ‘म्हणतात’ बसेना म्हणून उडवलं.

सकाळी माशेलला घरी पोचलो तर आईने पेपर पुढे केला. “हें तुवें बरयलां?” मी मान डोलावली, जरा ऐटीतच. झालं! आमच्याच माडांच्या खोबऱ्याचं, घाण्यावरून आणलेलं पाच लिटर तेल स्वयंपाकघरातून देव्हाऱ्यात गेलं. दिवाळीपर्यंत समईत जळत होतं. आणि मासे तळायला काय आलं? पामतेलाची पिशवी. त्या बाईंचा सगळा रोख ज्या संपृक्त चरबीवर (सॅच्युरेटेड फॅटवर) होता, ती पामतेलातही जवळजवळ निम्मी असते. हे माझ्या बातमीत नव्हतं.

नंतर शोधलं तर कळलं की त्या प्राध्यापिकेने, कारिन मिशेल्स यांनी, जर्मनीत, फ्रायबुर्गला, जर्मनमध्ये दिलेलं ते एक व्याख्यान होतं. त्याचा व्हिडिओ यूट्यूबवर गाजला, म्हणून बातमी. नवा अभ्यास नाही, नवे रुग्ण नाहीत. मी छापलं ते व्याख्यानातलं एक वाक्य.

माझा थोरला भाऊ मडगावात डॉक्टर आहे. तेव्हापासून दर चतुर्थीला, नेवऱ्या खाताखाता, “तुम्ही पेपरवाले लोकांना मारणार” हे मला ऐकावं लागतं. आता इथे सांगतो, म्हणजे त्यालाही लिंक पाठवता येईल. दादा, २०१४ साली बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. २० ब्रिटिश विद्यापीठांच्या ४६२ प्रेसनोट मूळ शोधनिबंधांशी ताडून पाहिल्या. ४० टक्के नोटांमध्ये लोकांना दिलेला सल्ला निबंधापेक्षा फुगवलेला होता. नोट फुगलेली तर ५८ टक्के बातम्याही फुगलेल्या. नोट सरळ तर फक्त १७ टक्के. म्हणजे जास्तीचं मीठ विद्यापीठाच्या चुलीवरच पडतं, आम्ही निदान बऱ्याचदा नुसते वाढपी असतो. तुमच्या पांढऱ्या कोटवाल्यांना कुणी विचारत नाही.

बरं, १७ म्हणजे शून्य नव्हे. आणि माझ्या मथळ्याला तर कुठली प्रेसनोटही नव्हती. शिवाय खोबरेल जपून वापरा म्हणणारा दादा अगदी चूक नाही: त्यातली सुमारे ८२ टक्के चरबी संपृक्त, ती वाईट कोलेस्टेरॉल वाढवते, आणि अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्येच ते टाळायला सांगितलं होतं. विष मात्र नव्हे.

तुमचा प्रश्न राहिलाच. बातम्या उलटतात कारण एकटा अभ्यास कच्चा असतो, आणि पेपरात एकेकटाच येतो. प्रयोग उंदरांवर की माणसांवर, किती जणांवर, धोका शंभरात कितीचा किती झाला, एवढं बातमीत नसेल तर पान उलटा. चालू गोळी तर बातमी वाचून कधीच बंद करू नका.

आई आता फोडणीपुरतंच खोबरेल घालते, चमचा मोजून. दादाने सांगितलं म्हणून. माझं ती त्या दिवसापासून ऐकतच नाही.