'प्रोग्रॅम म्युझिक'ला 'कार्यक्रम संगीत' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: पाश्चात्त्य संगीतातल्या 'प्रोग्रॅम म्युझिक'ला, म्हणजे नुसत्या वाद्यांतून एखादी कथा किंवा दृश्य सुचवणाऱ्या संगीताला, 'कार्यक्रम संगीत' हा प्रतिशब्द चालेल का? आणि जोडप्रश्न: चेक संगीतकार स्मेतानाच्या 'मा व्लास्त'चं 'मातृभूमी' हे भाषांतर बरोबर आहे का?

'कार्यक्रम संगीत' अजिबात नको. मराठीत कार्यक्रम सभागृहात होतो, मांडवात होतो. त्यामुळे वाचणाऱ्याला समारंभात वाजणारं संगीत आठवेल. इथला प्रोग्रॅम म्हणजे श्रोत्यांसाठी दिलेला मजकूर. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही जाहीर लेखी सूचना असाच आहे. फ्रेंच संगीतकार बर्लिओझने डिसेंबर १८३० मध्ये पॅरिसला 'सिंफनी फँतास्तिक' सादर केली, तेव्हा तिच्या पाचही भागांची कथा छापून श्रोत्यांना दिली होती. पुढे हंगेरियन संगीतकार लिस्टने हाच विचार एका सलग भागात बसवला आणि १८५४ च्या सुमारास अशा रचनेला 'सिंफनिक पोएम' हे नाव रूढ केलं.

'वर्णनपर संगीत' हा शब्द जवळचा वाटतो, पण अपुरा आहे. स्मेतानाची व्ल्तावा नदीवरची 'व्ल्तावा' (१८७४) ही रचना घ्या. 'मा व्लास्त' या सहा सिंफनिक पोएमच्या मालेतली ही दुसरी. दोन बासऱ्या आलटून पालटून झुळझुळतात, तो नदीचा पहिला उगम. मग क्लॅरिनेट येतात, तो दुसरा. दोन्ही प्रवाह मिळाले की व्हायोलिन आणि ओबो मुख्य धून उचलतात. जंगलातल्या शिकारीचे हॉर्न, काठावरच्या लग्नातला पोल्का, चांदण्यातल्या जलपऱ्या, मग खडकाळ धावता ओघ. इथवर वर्णन म्हणता येईल. पण ओघ ओसरल्यावर तीच धून मायनरमधून मेजरमध्ये येते. आपल्या भाषेत, कोमल गंधाराच्या जागी शुद्ध गंधार लागतो, आणि त्यापाठोपाठ मालेच्या पहिल्या रचनेतली विशेह्राद गडाची चार स्वरांची खूण संपूर्ण वाद्यवृंदातून उमटते. विशेह्राद हे दंतकथांमधलं चेक राजांचं ठाणं. नदी गडापाशी पोचते तेव्हा देशाचा इतिहास तिला भेटतो, असं ते कथन आहे. पोल्का तर बोहेमिया या चेक प्रदेशातलाच नाच, त्यामुळे प्रागच्या श्रोत्याला तो आपला म्हणून लगेच कळणार. मात्र गड कोणता, नदी कोणती, हे शीर्षक आणि टिपणाशिवाय नुसत्या स्वरांतून कळणं शक्य नाही. सूचना स्वरांची, नाव शब्दांचं.

म्हणून मी 'कथासूचक वाद्यसंगीत' सुचवेन. 'कथाप्रधान' लिहू नये, कारण प्राधान्य शेवटी संगीतालाच असतं. छापील मजकुराला 'कथाटिपण' म्हणा. उलट बाजूच्या, कथेचा आधार न घेणाऱ्या 'ॲब्सोल्यूट म्युझिक'ला 'केवल संगीत' छान बसतं. 'सिंफनिक पोएम'साठी 'वाद्यकाव्य' घ्या. 'स्वरकाव्य' म्हटलं की गाण्याची आणि बोलांची अपेक्षा तयार होते, आणि इथे तर एकही शब्द गायला जात नाही. 'वृंदकाव्य'ही टाळावं, ते समूहाने म्हटलेल्या कवितेसारखं ऐकू येतं.

आता 'मा व्लास्त'. चेकमध्ये 'व्लास्त' स्त्रीलिंगी आहे, पण त्यात आई नाही आणि बापही नाही. आपला देश एवढाच अर्थ. जर्मन भाषांतराने 'फाटरलांट' करून त्यात बाप आणला, 'मातृभूमी'ने आपण आई आणतो. 'माझा देश' हेच नेमकं. आणि व्ल्तावा नदीला 'मोल्डाऊ' लिहू नका, ते जर्मन नाव आहे. स्मेतानाचं स्वतःचं शिक्षण जर्मनमधून झालं होतं, चेक लिहायला तो मोठेपणी शिकला. त्याने शीर्षकात निवडलेली भाषा भाषांतरातही जपली पाहिजे.