बर्फाच्या जादा दराची भरपाई सभामंडपाला?

प्रश्न : मी हर्णै परिसरातल्या मच्छीमार सोसायटीचा चेअरमन आहे. चार बर्फ कारखानदारांनी एकाच दिवशी लादीचा दर सारखाच वाढवला. आमच्याकडे मासळीच्या विक्रीतून डिझेल-बर्फाचा खर्च वजा करून मग बोटमालक आणि खलाशांचे वाटे पडतात. तक्रारीचं बोलताच कारखानदार म्हणतात, तक्रार करू नका, त्याऐवजी देवळाच्या सभामंडपाला रक्कम देतो. सभासदांत दोन तट पडलेत. काय करावं?

उत्तर : चेअरमनसाहेब, या अटीवर ही रक्कम घेऊ नका. खर्च आधी वजा होत असेल, तर जादा दर बोटमालकाइतकाच खलाशाच्या वाट्यातूनही गेला. सभामंडप उभा राहिला म्हणून त्याची तूट भरून निघत नाही. शिवाय प्रत्येकाचा वैयक्तिक दावा त्याच्या संमतीशिवाय सोडून देण्याचा अधिकार तुम्हाला नाही.

प्रतिस्पर्ध्यांनी संगनमताने दर ठरवणं स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३ विरुद्ध आहे. लेखी करार लागत नाही, तोंडी समजूतही पुरते. पण नुसते दर सारखे असून भागत नाही. वीज महागली म्हणून सगळ्यांनीच वाढवला, असं ते म्हणतील. म्हणून त्यांच्या बैठकीचे मेसेज, साक्षीदार, जुन्या-नव्या पावत्या जमवा. सभामंडपाचा प्रस्ताव कोणी, कधी, कोणासमोर मांडला तेही लिहून ठेवा. पावती न घेणाऱ्या लहान होडीवाल्यांचा हिशेब आजच वहीत उतरवा. भरपाईच्या वेळी नेमकी हीच माणसं मागे राहतात, याची मला जास्त काळजी वाटते.

सोसायटीला भारतीय स्पर्धा आयोगाकडे ‘माहिती’, म्हणजे तक्रार, दाखल करता येते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्याला तीन वर्षांची मुदत आहे. त्याच दुरुस्तीने आयोगापुढे तडजोडीची सोय आली, पण अशा संगनमताला ती लागू नाही.

आयोगाने दंड केला तर तो भारताच्या एकत्रित निधीत जमा होतो, तुमच्या हाती काही येत नाही. भरपाई वेगळी मागावी लागते. कलम ५३-एनखाली राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाकडे, त्याच्या परवानगीने, एकाला सर्वांच्या वतीने अर्ज करता येतो. मात्र आधी संगनमत झाल्याचा आयोगाचा किंवा अपिलातला निष्कर्ष हाती हवा. त्याला वेळ लागेल, हे सभासदांना आताच सांगा.

कारखानदारांना खरोखर द्यायचंच असेल, तर त्यांनी प्रत्येक बोटीने घेतलेल्या लाद्यांच्या हिशेबाने द्यावं, आणि त्यातला खलाशांचा वाटा त्यांच्या सहीने त्यांच्या हाती पडावा. देवळाला देणगी द्यायची तर ती वेगळी द्यावी, कसलीही अट न घालता.