लोहाची गोळी आणि मिठातलं आयोडीन: नव्या आशाताईसाठी

अगं, गरोदर बाईच्या गृहभेटीत नुसतं "गोळ्या घेता ना?" विचारून निघू नकोस. पाकीट मागून बघ. माझ्या पाड्यावर एका सुनेच्या उशाखाली तीन पाकिटं जशीच्या तशी निघाली. शौचाला काळं झालं म्हणून ती घाबरली होती. काळं होणारच, हे आधीच सांगायचं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, 180 दिवस. एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह. मळमळलं तर रात्री जेवणानंतर घेऊ दे, पण चहा तासभर लांब. कॅल्शियम वेगळ्या वेळी. थायरॉईडची गोळी चालू असेल तर चार तासांचं अंतर हवंच.

सिकलसेल किंवा थॅलेसेमिया (रक्ताचे आनुवंशिक आजार) असेल तर लोह डॉक्टरांना विचारूनच. आणि पाकीट फडताळात उंच ठेवायला लाव. लाल गोळी लेकराला चॉकलेट वाटते, मूठभर गिळली तर जिवावर बेततं. याबाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही.

आयोडीनचं सोपं आहे: पुड्यातलं आयोडीनयुक्त मीठ, झाकणाच्या बरणीत, चुलीपासून दूर. आयोडीनच्या गोळ्या किंवा समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल कुणी आपल्या मनानेच घेत असेल तर आधी डॉक्टरांकडे पाठव. जास्तीच्या आयोडीननेही थायरॉईड बिघडतो.