इंजिन सीझ (जाम) झालं, सर्व्हिस सेंटर म्हणतंय वॉरंटीत बसत नाही, काय करू?
‘ऑइल कमी होतं’ असं तोंडी सांगून हात झटकतात ते, ऐकू नका. कुठल्या अटीखाली नाकारलं ते लेखी मागा, तोवर इंजिन खोलायला हो म्हणू नका आणि खोलायचंच तर तुमच्यासमोर, फोटो काढून, शिवाय काढलेले पार्ट भंगारात जाऊ देऊ नका, खरा पुरावा तोच. ऑइलअभावी बेअरिंग घासून काळी पडतात हे खरं, पण ऑइल पंप गेला किंवा स्ट्रेनर (ऑइल गाळणारी जाळी) चोक झाला तरी अगदी तसंच दिसतं, म्हणून डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) लेव्हल किती होती ते नोंदवून घ्या आणि पंप तपासायला लावा. सर्व्हिसची बिलं शोधा, ऑइलचा ग्रेड लिहिलेली असली तर उत्तमच. बाहेरच्या मेकॅनिकचा लेखी रिपोर्ट जोडून थेट कंपनीला मेल टाका, डीलर नुसता गोड बोलून दिवस काढतो.