इंदूरमधल्या तुमच्या मराठी शेजाऱ्यांच्या चर्चचा उल्लेख करून तुम्ही विचारलंय: प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या चर्चमध्ये बिशप (अनेक चर्चवर अधिकार असलेला वरिष्ठ धर्मगुरू) नसतो, मग निर्णय कोण घेतं?

मंडळीनेच, म्हणजे त्या चर्चच्या सभासदांनीच, निवडलेले वडील, म्हणजे एल्डर. पाळक (मंडळीचा धर्मगुरू) आणि हे वडील मिळून सेशन बनतं. सभासद कोणाला करायचं, शिस्तीचा प्रश्न कसा सोडवायचा, हे सेशन ठरवतं. पाळक अध्यक्षस्थानी असतो, पण कारभार त्याच्या एकट्याच्या हातात नसतो. मला या पद्धतीतली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. धर्मसुधारक जॉन कॅल्विनने १५४१ मध्ये जिनिव्हात पाळकांबरोबर वडिलांनाही जबाबदारी दिली, तिथून हे रूढ होत गेलं.

सेशनचा निर्णय पटला नाही तर त्या भागातल्या मंडळ्यांच्या एकत्रित सभेकडे, म्हणजे प्रेस्बिटरीकडे दाद मागता येते. तिथे पाळक आणि वडील दोघांनाही मत असतं. त्याच्यावर अनेक प्रेस्बिटरींची सभा म्हणजे सिनॉड, मग संपूर्ण चर्चची सर्वोच्च सभा म्हणजे जनरल असेंब्ली. कॅल्विनच्याच विचारांच्या डच रिफॉर्म्ड परंपरेत (नेदरलँड्समधून आलेल्या) सेशनला कन्सिस्टरी आणि प्रेस्बिटरीला क्लासिस म्हणतात, बाकी रचना बरीचशी तीच.

आता इंदूरबद्दल. तिथे १८७७ मध्ये कॅनडाचं प्रेस्बिटेरियन मिशन आलं. इंदूर ख्रिश्चन कॉलेज त्यांचंच. पण १९७० मध्ये प्रेस्बिटेरियनसह अनेक प्रोटेस्टंट चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात बिशप आहेत. त्यामुळे तुमच्या मराठी शेजाऱ्यांचं चर्च त्यात असेल, तर तिथे बिशप दिसणारच.